रजेचं कारण

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या हातानं ‘अठराऐवजी बारा’ असं लिहिलं, आणि हातानं काय लिहिलं ते तिला कळायला आणखी दीड वाक्य जावं लागलं. तोवर हात पुढं निघून गेला होता. आरोग्य समितीची ती लघुलेखिका. अध्यक्षबाईंच्या डाव्या अंगाला, एक पायरी खाली, तिचं वीतभर टेबल. समितीत जो जे बोलेल ते रेघोट्यांच्या लिपीत टिपायचं आणि मग वरच्या मजल्यावर जाऊन त्याचं शुद्ध इतिवृत्त करायचं, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. ध्वनिमुद्रणाचं यंत्रही होतं, पण दोघं एकदम बोलले की यंत्राचा गोंधळ व्हायचा, आणि दोघं एकदम बोलले नाहीत अशी बैठक तिच्या तरी आठवणीत नव्हती. आज अकरावा विषय चालला होता. खर्चाचं बघणारे सदस्य सर्दीनं बेजार झाले होते. “बालआरोग्य निधीतून होणाऱ्या उपचारांची वयोमर्यादा अठराऐवजी बारा करावी, असा प्रस्ताव आहे. पुढच्या महिन्यात पालकांच्या हरकती ऐकून मग मत घ्यावं,” असं त्यांनी नाक पुसत वाचलं, कुणी काही बोललं नाही, आणि लगेच बारावा विषय निघाला, दवाखान्याच्या गच्चीवरची कबुतरं. कबुतरांवर चर्चा चांगलीच रंगली. तिचा हात इमानेइतबारे कबुतरं टिपत राहिला. पण अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली पायरी नसावी, तसा तो आकडा तिला उशिरा लागला. बारा. घरी मुलगी होती, मिरी. मिरी अकरा वर्षं दहा महिन्यांची होती.

बुटांच्या दुकानावरच्या माडीत ती हे लेखन शिकली होती. शिकवणाऱ्या बाई काटक, कोरड्या, आणि विनोद करताना चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणाऱ्या. कान आणि हात यांच्यामध्ये डोकं आणायचं नाही, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. डोकं छत्रीबरोबर कोपऱ्यात ठेवायचं आणि जाताना घेऊन जायचं. एका मुलीनं विचारलं, आणि विसरलं तर? बाई म्हणाल्या, मग तू मोठ्या पदावर जाशील. सगळ्या हसल्या होत्या. ती हसली नव्हती, कारण ती तेव्हा बाईंचं वाक्य टिपून घेत होती. तिला हे काम फार म्हणजे फारच आवडलं. लहानपणापासून चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. इथं तोंड उघडायचंच नव्हतं. लोक बोलायचे, आणि त्यांचं बोलणं तिच्या कानातून शिरून दंडातून उतरून पेन्सिलीच्या टोकातून कागदावर यायचं, मधे कुठं थांबायचं नाही. पाण्याला नळ जसा, तशी ती बोलण्याला. एकोणीस वर्षांत तिच्यातून गटारं वाहून गेली, लसी गेल्या, रुग्णवाहिकांचे टायर गेले, एका सदस्यानं दुसऱ्याला दिलेली ‘सन्माननीय गाढव’ ही उपाधी गेली (ती इतिवृत्तातून वगळण्यात आली), पण नळाला स्वतःला कधी तहान लागली नव्हती. घरीही ती फारसं बोलत नसे. नवरा पाहुण्यांना सांगायचा, “आमच्या घरात दोघी बोलतात. एक मिरी, आणि दुसरी पुन्हा मिरीच.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ती दुसरी-पहिली मिरी जेवणाच्या टेबलावर एका हातानं नकाशा रंगवत होती आणि दुसऱ्या हाताचं बोट टोचून साखर बघत होती. दंडाला लावलेला साखर मोजणारा सेन्सर सकाळी दारात घासून निघाला होता, नवा उद्या मिळायचा होता, म्हणून आज जुनी पद्धत. थेंब पट्टीला लावताना तिनं नकाशावरून नजरही काढली नाही. “एकशे अकरा,” ती म्हणाली. “समुद्र संपत आलाय, निळा नवा लागेल.” मिरी सात वर्षांची असताना उंटासारखं पाणी प्यायला लागली होती. तांब्यांमागून तांबे रिकामे व्हायचे, आणि पोर वाळत चाललेली. मग दवाखाना, आणि दवाखान्यात चष्मा कपाळावर ठेवून शांतपणे बोलणारे डॉक्टर. शरीरात इन्सुलिन तयार व्हायचं थांबलंय, ते म्हणाले होते, तुमचं काही चुकलेलं नाही, आपण ते बाहेरून द्यायचं, रोज, कायम. तिनं ते सगळं बोलणं केसपेपरच्या पाठीवर रेघोट्यांत उतरवून घेतलं होतं. डॉक्टरांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. रात्री नवऱ्याला सांगायची वेळ आली तेव्हा स्वतःचा एक शब्द सापडेना, म्हणून तिनं तो कागद उलगडून डॉक्टरांचं भाषण जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं, खोकल्याच्या जागीही थांबून. नवरा फरशीवाला. शंभर किलोची फरशी छातीशी धरून जिना चढणारा गडी. पहिल्या दिवशी परिचारिकेनं इंजेक्शन कसं द्यायचं ते दाखवलं आणि तो सावकाश, भिंतीला पाठ घासत, जमिनीवर बसला. मिरीनं त्याच्या गालावर हात ठेवून सांगितलं होतं, “बाबा, मला टोचतायत. तुला नाही.” आता चार वर्षांत घराला सवय झाली होती, दाराच्या कुरकुरण्याची होते तशी. निधीतून इन्सुलिन येई, पट्ट्या येत, सेन्सर येई, दर तीन महिन्यांनी डॉक्टर भेटत. त्या सगळ्यावर घर उभं होतं, आणि घरातल्या कुणाला खाली बघावं लागत नव्हतं.

समितीत ऐकलेलं, सूचनाफलकावर लागेपर्यंत, बाहेर बोलायचं नाही असा नियम होता. फलक शुक्रवारी लागणार होता. तिनं तो नियम पाळला. मंगळवारी पाळला, बुधवारी पाळला. नवरा म्हणाला, “काय गं, चमचा गिळल्यासारखी का बसलीयस?” ती म्हणाली, “काही नाही.” आणि ते खरंही होतं, अजून काहीच नव्हतं, फक्त हातानं लिहिलेला एक आकडा होता. पण तो आकडा घरभर फिरत होता. अंघोळीच्या खोलीत बारा फरश्या उभ्या. जिन्याला बारा पायऱ्या. एका डब्यात बारा अंडी, हे जगानं काय आधीच ठरवून ठेवलं होतं की काय? गुरुवारी कचेरीत तिनं ते इतिवृत्त टंकलं, आणि अकराव्या विषयाशी आली तेव्हा एक अक्षर चुकीचं दाबलं. एकोणीस वर्षांत ती चुकत नव्हती असं नाही, पण ही चूक दुरुस्त करताना तिनं ते वाक्य अर्थ लावत वाचलं. मग तिला एक गोष्ट जाणवली आणि तिची तिलाच गंमत वाटली: डोकं कोपऱ्यातून उठून आत आलं होतं आणि खुर्चीवर बसलं होतं. शुक्रवारी फलक लागला. नवऱ्यानं कुणाकडून तरी फोनवर ऐकलं आणि तो गुडघ्यावर सिमेंट घेऊनच घरी आला. “तुला मंगळवारपासून माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू सांगितलं नाहीस.”

“नियम आहे.”

त्यानं हातातलं सामान दाराशी ठेवलं. मग खुर्ची ओढून बसला आणि त्याच्या खांद्यांतून हळूहळू हसू वर यायला लागलं. “बरं केलंस,” तो म्हणाला. “तीन रात्री मी झोपलो तरी.” मिरी दारात उभी होती. तिला सगळं ऐकू आलेलं होतं, तिला नेहमीच सगळं ऐकू येई. ती विचारात पडल्यासारखी म्हणाली, “आई, बारावा वाढदिवस पुढं ढकलता येतो का? तुमच्या समितीत विषय ढकलतात तसा. मी अजून सहा वर्षं अकराचीच राहीन. मला चालेल. शाळेला काय सांगायचं तेवढं बघा.” नवरा हसला. तीही हसली. 

पालकांची सभा रविवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत भरली. मुलांची बुटकी बाकं होती, त्यामुळे मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती आणि कुणालाच फार गंभीर दिसता येत नव्हतं. रबरी गाद्यांचा वास, भिंतीला टांगलेले दोर, एका कोपऱ्यात हवा गेलेला चेंडू. सभा बोलावली होती बेकरीदादांनी. त्यांच्या मुलाला दमा होता, आणि बेकरीतलं पीठ घरी न्यायला नको म्हणून ते रोज दुकानातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी जात. माणूस लाखमोलाचा, पण बोलायला लागले की भट्टी पेटल्यासारखे, विझवता विझत नसत. त्या दिवशी ते चाळीस मिनिटं बोलले. त्यांत सरकार आलं, त्यांचा मेव्हणा आला, माणुसकी तर सतरा वेळा आली. ती शेवटच्या बाकावर बसली होती. हात रिकामा बसेना म्हणून तिनं वही काढली होती आणि टिपत होती. शेजारी बंदरावर क्रेन चालवणारी एक बाई, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ, बाळाच्या छातीवर शस्त्रक्रियेची शिवण, तीन वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया, मग पुढची तेराव्या-चौदाव्या वर्षी, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. क्रेनवाली वहीत डोकावली. “ताई, हे काय, मुंग्यांची वरात?”

“दादा बोलतायत ते लिहितेय.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग जरा वाचा की. आम्हाला तर काही कळलं नाही.” हे ती पुटपुटली नाही. दिवसभर शंभर फुटांवरून खाली हाका मारायची सवय असलेली बाई, तिचं पुटपुटणंही गावभर ऐकू जायचं. सगळे वळले. बेकरीदादा थांबले, घाम पुसला आणि दिलदारपणे म्हणाले, “वाचा ताई. मलाही ऐकू दे मी काय म्हणालो.” तिची जीभ नेहमीसारखी टाळूला चिकटली. पण वाचायचं म्हणजे बोलायचं नव्हे, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि उभी राहिली. चाळीस मिनिटं वाचण्यात अर्थ नव्हता. तिची नजर रेघोट्यांवरून सरकत गेली आणि एका जागी थांबली. तिनं वाचलं: “ ‘माझा पोरगा जिना चढून आला की मी आधी त्याच्याकडे बघत नाही, आधी ऐकतो. शिट्टी वाजते का ते ऐकतो. आठवड्यातून सहा दिवस वाजत नाही. ते सहा दिवस हा निधी देतो.’ ”  बेकरीदादांनी नाक ओढलं. “हे मी म्हणालो?” “हो,” ती म्हणाली. “एकतिसाव्या मिनिटाला.” “आणि बाकीचं?” तिला खोटं बोलता येत नव्हतं. “बाकीचं कुणीही म्हणेल, दादा. हे फक्त तुम्हीच म्हणू शकता.”

पुढचे तीन रविवार ती हेच करत होती. समिती प्रत्येकाला तीन मिनिटं देणार होती, आणि माणसाला तीन मिनिटांत स्वतःचं असं बोलायचं म्हणजे आधी तासभर दुसऱ्याचं बोलून घ्यावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? लोक यायचे, बुटक्या बाकावर बसायचे आणि वर्तमानपत्रासारखं बोलायचे, आणि ती गुपचूप टिपत राहायची. मग त्या कचऱ्यातून कुठंतरी चमकायचं. क्रेनवाली म्हणून गेली होती, “मी दिवसभर मोठमोठे पेटारे अलगद खाली ठेवते, अंडं ठेवावं तसे. पण या बाळाला उचलताना मला भीती वाटते.” एक आजोबा, जे नातीला एकटेच सांभाळत होते, ते ‘प्रगती’, ‘उद्याचे नागरिक’ वगैरे बोलून दमल्यावर सहज म्हणाले, “तिला चष्मा मिळाला त्या दिवशी तिनं विचारलं, आजोबा, झाडाला एवढी वेगवेगळी पानं कधीपासून आहेत?” ती प्रत्येकाला त्याचं वाक्य वाचून दाखवायची, आणि लोक स्वतःचंच बोलणं ऐकून लाजायचे, नवा सदरा घालून आरशासमोर उभं राहिल्यासारखे. तिला हे फार सुखाचं वाटत होतं. इतकी वर्षं ती ऐकत होती, पण कुणाला परत देत नव्हती. तिसऱ्या रविवारी क्रेनवालीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत विचारलं, “सगळ्यांची वाक्यं झाली. तुमचं कुठंय?”

“मी तिथं नोकरीला आहे. मला बोलता येत नाही.”

“येत नाही, की चालत नाही?”

 त्या रात्री नव्हे, त्या क्षणीच, गाद्यांच्या वासात उभ्या उभ्या तिला कळलं, की एकोणीस वर्षं तिनं या दोन गोष्टी एकमेकींच्या कपाटात लपवून ठेवल्या होत्या.

तिच्या कचेरीचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, अंगानं मात्र किरकोळ होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि टेबलावरच्या प्रत्येक कागदाला ते आजारी माणसासारखं हळुवार उचलत. सुनावणीत बोलता येईल का, असं तिनं त्यांना विचारलं. “नियम काय सांगतो,” ते म्हणाले, “इतिवृत्त लिहिणाऱ्यानं इतिवृत्तात स्वतः काही घालू नये. लिहिणाऱ्यानं. पण जो त्या दिवशी रजेवर आहे तो लिहिणारा नाही, तो रस्त्यावरचा माणूस. त्याला कोण अडवणार?” त्यांनी खणातून रजेचा अर्ज काढून तिच्यापुढं सरकवला, आणि चष्मा काढून ठेवला, म्हणजे आता ते साहेब म्हणून बोलत नव्हते. “मुख्य लघुलेखिकेच्या जागेसाठी तुमचं नाव वर गेलंय. सही अध्यक्षबाईंची लागते. प्रस्ताव त्यांच्याच बाजूचा आहे. त्या बाईंच्या मनात काय आहे ते त्यांच्या पर्सलाही माहीत नसतं. मी घाबरवत नाही. फक्त सांगितलं.” तिनं अर्ज भरला. नाव, हुद्दा, तारीख. ‘रजेचे कारण’ या रकान्याशी पेन थांबलं. आजवर तिथं तिनं ताप, लग्न, दाढदुखी, घरात पाणी शिरणे असं काय काय लिहिलं होतं. मग तिनं स्वच्छ, सुटसुटीत अक्षरात लिहिलं: बोलायचे आहे. साहेबांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि सही करताना म्हणाले, “चौतीस वर्षांत असं कारण पहिल्यांदा बघतोय. नामंजूर करायला नियमच सापडत नाही.”

सुनावणीच्या दिवशी ती प्रथमच त्या सभागृहात समोरच्या बाजूनं शिरली, आणि तिला ते ओळखूच येईना. इथून छत उंच दिसत होतं. अध्यक्षबाईंच्या मागे एक मोठी खिडकी होती, तिच्यातून गुलमोहोर नाही, पिंपळ नाही, नाव न कळणारं कुठलंसं हिरवं झाड हलत होतं, आणि इतकी वर्षं ते तिच्या पाठीमागं हलत असणार. तिच्या टेबलावर कचेरीतली नवी मुलगी बसली होती, चार टोकदार पेन्सिली ओळीनं मांडून, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. तिनं मुलीला मानेनं खूण केली: श्वास घे. मागच्या रांगेत नवरा होता, गुडघ्यावरचं सिमेंट घासून घालवलेलं. मिरीला शाळेत पाठवलं होतं, मिरीच्या मते हा घोर अन्याय होता. बेकरीदादा उठले. तीन मिनिटांतली पहिली वीस सेकंदं माणुसकीत गेली, मग त्यांनी मागं वळून तिच्याकडे बघितलं, आणि शिट्टीचं सांगितलं. सर्दीवाले सदस्य, आता बरे झालेले, पेनाचं टोपण काढघाल करत होते ते थांबले. क्रेनवालीला माईक लागला नाही. आजोबा नातीचं वाक्य म्हणताना विसरले, आणि नात शेजारून म्हणाली, “पानं, आजोबा,” आणि ते म्हणाले, “हां, पानं,” आणि सबंध सभागृहाला झाडाची पानं दिसल्यासारखं झालं. मग तिचा नंबर आला.

ती उभी राहिली. तोंड उघडलं, आणि एकोणीस वर्षांची सवय बाहेर आली: “सदस्यांच्या असे निदर्शनास आणण्यात येते की,” ती म्हणाली, आणि थांबली. कुणीतरी हसलं. चांगल्या मनानं हसलं, पण हसलं. तिचे कान तापले. तरी तिनं एक गोष्ट तयार करून आणली होती, आणि ती तिला फार हुकमी वाटत होती. अध्यक्षबाई आठ वर्षांपूर्वी, साध्या सदस्य असताना, याच निधीवर बोलल्या होत्या, आणि ते तिनंच लिहून घेतलं होतं. तिनं ते तोंडपाठ म्हटलं: “ ‘बारा वर्षांचं मूल म्हणजे मोठं झालेलं मूल नव्हे, फक्त उंच झालेलं मूल.’ असं आपण म्हणाला होता.” सभागृहात कुजबूज झाली. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मी म्हणाले होते?” “हो. आधी पाणी प्यायलात आणि मग म्हणालात.” “असेल,” अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. “तेव्हा मी तिकडच्या बाकावर बसत होते. तिथून छान बोलता येतं. इथून आकडे दिसतात. तुमचं स्वतःचं काही म्हणणं आहे का? दीड मिनिट उरलंय.”

हुकमाचं पान टेबलावर पडलं आणि ते दुर्री निघालं. आणि मग तिच्या डोक्यात काहीच उरलं नाही. म्हणजे होतं, पुष्कळ होतं, पण सगळं इतरांचं. हजारो वाक्यं, अर्धवट, पूर्ण, खोकलेली, आरडाओरड्यातली, ती सगळी एखाद्या मोठ्या गोदामात रचून ठेवल्यासारखी, आणि तिच्या नावाचा पेटारा कुठंच नाही. नवी मुलगी पेन्सिल उचलून वाट बघत होती. खिडकीतलं झाड हललं. तिला वाटलं, बसावं खाली, कुणी काही म्हणणार नाही. मग तिला एकदम मिरीचं बोट दिसलं, नकाशावर नजर ठेवून टोचून घेतलेलं, आणि संपत आलेला निळा रंग.

“माझ्या मुलीला ते वाक्य ऐकवलं नाहीये,” ती म्हणाली, आणि आवाज तिचा होता, थोडा घोगरा, वापरात नसलेल्या खोलीसारखा. “तिला फक्त आकडा कळलाय. तिनं मला विचारलं, बारावा वाढदिवस पुढं ढकलता येतो का. सहा वर्षं अकराचीच राहायला ती तयार आहे. शाळेला काय सांगायचं तेवढं आम्ही बघायचंय, असं म्हणाली. तिला माहितीये की समितीत विषय पुढं ढकलतात. मी सांगितलेलं नाही, मी घरी काही सांगत नाही, पण मुलांना कळतं. ती दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते आणि मधल्या वेळात आजारी नसते. म्हणजे नसतेच. झाडावर चढते, गणिताला कंटाळते, तोंडाचा पट्टा चालू असतो. तेरा वर्षांची झाली तरी हे असंच राहावं, आणि ते तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. माझ्या हातात फक्त पेन्सिल असते. ती खाली ठेवून आले. एवढंच.” आणि ती बसली. बसल्यावर तिला कळलं की आपल्याला फार भूक लागली आहे. नवऱ्यानं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात फरशीएवढा जड होता आणि तिला तो काढू नये असं वाटत होतं.  अध्यक्षबाईंनी पेला उचलला, पाणी प्यायल्या आणि पुढचा नंबर पुकारला.

मतदान पुढच्या मंगळवारी होतं, आणि त्या मंगळवारी ती रजेवर नव्हती. ती आपल्या टेबलाशी गेली तेव्हा अध्यक्षबाई कागद चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बसा. आज नेमकं लिहून हवंय मला.” हा राग होता की विश्वास, ते तिला त्या आवाजातून काढता आलं नाही, आणि बढतीच्या कागदावर पुढं काय झालं हे वर्ष संपेपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं. पालक भिंतीला टेकून दाटीवाटीनं उभे होते. चर्चा दोन तास चालली. सर्दी गेलेल्या सदस्यांनी आकडे वाचले आणि मधेच, कुणी न विचारता, म्हणाले की त्यांच्याही घरात एक शिट्टी वाजते. शेवटी अठराची मर्यादा कायम ठेवण्याच्या बाजूनं सात हात वर झाले आणि विरोधात चार. त्यावर एक शेपूट जोडलं गेलं: दरवर्षी फेरविचार. सातांतला शेवटचा हात अध्यक्षबाईंचा होता, कोपरातून अर्धाच उचललेला, हात वर केलाय की केस सारखे केलेत हे सांगता येऊ नये असा. तिनं तो पूर्ण धरला आणि लिहिला.

बाहेर पायऱ्यांवर ऊन पडलं होतं आणि कुणाचाही पाय निघत नव्हता. बेकरीदादांनी टोपलीभर ताजे पाव आणले होते, हरलो असतो तरी वाटणारच होतो, म्हणाले, भूक काय मतं मोजून लागते? “पण दरवर्षी फेरविचार,” आजोबा काळजीनं म्हणाले. “म्हणजे दरवर्षी भेटायचं,” क्रेनवाली म्हणाली. “चांगलंय की. मी पुढच्या वेळी याला चालवत आणते.” बाळानं पावाचा तुकडा मुठीत धरला होता आणि तो कुणालाही द्यायला तयार नव्हतं. तिनं शाळेत फोन लावला. कारकून बाईंनी मिरीला वर्गातून बोलावून आणलं. बराच वेळ जिन्यावरून पळत येणारी पावलं ऐकू येत राहिली.

“माझी साखर ठीक आहे,” मिरी धापा टाकत म्हणाली. “एकशे वीस. काय झालं?”

“काही नाही. झालं. अठराच राहिलं.”

 मग मिरी म्हणाली, “म्हणजे मी बाराची होऊ शकते.”

“हो. तुझी काही हरकत नसेल तर.”

“नाही,” मिरी म्हणाली, आणि थोडा विचार करून पुढं म्हणाली, “आई, आता मला परत वर्गात जावं लागेल. गणित चालू आहे.”

“मग जा.”

“तू थोडं अजून बोल ना. कारकून बाईंना वाटतंय महत्त्वाचं चाललंय.”

तिनं आजूबाजूला पाहिलं. पाव खाणारी माणसं, पायऱ्यांवर पसरलेलं ऊन, गालाला पीठ लागलेले दादा, बाळाची घट्ट मूठ, आणि आपल्या पावाचा अर्धा भाग तिच्यासाठी राखून धरलेला नवरा. ती खालच्या पायरीवर नीट ऐसपैस बसली, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि सांगायला सुरुवात केली.